ठरवूनही सवय का सुटत नाही : योगदर्शनातील संस्कार आणि झाकोळलेली दृष्टी

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली काही वर्षे आपण नियमाने आसने आणि प्राणायाम करता, योगसूत्रांचे वाचनही झाले आहे आणि रागावर ताबा मिळवायचा असा निश्चय आपण अनेकदा केला आहे. तरीही संध्याकाळी कामावरून घरी आल्यावर पत्नीने ‘आज उशीर झाला?’ एवढेच विचारले, तरी त्यात आपल्याला जाब विचारल्याचा सूर ऐकू येतो आणि आपल्या तोंडून तिरकस उत्तर निघून जाते. पुढे अर्ध्या तासाने ध्यानात येते की जेवण आताच गरम करायचे की थोड्या वेळाने, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. आपण दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या आहेत : नकळत घडणारी सवय ही एक आणि समोरचे चुकीचे दिसणे किंवा ऐकू येणे ही दुसरी. यांपैकी आधी कशावर काम करावे, असे आपण विचारले आहे.

योगदर्शनाच्या दृष्टीने या दोन गोष्टी नाहीत, एकाच प्रक्रियेची ही दोन टोके आहेत. आपला निश्चय ‘तिरकस बोलणार नाही’ असा आहे, म्हणजे तो वाणीवर ठेवलेला पहारा आहे. संस्काराचे, म्हणजे मागच्या अनुभवांनी चित्तावर ठेवलेल्या ठशाचे, काम मात्र त्याच्या आधीच, ऐकण्याच्या पायरीवर उरकलेले असते. जाब विचारला गेला आहे असे एकदा ऐकू आले, की मग तिरकस उत्तर त्या क्षणी अयोग्य वाटतच नाही, ते न्याय्य वाटते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक साधकांचा निश्चय याच ठिकाणी वाया जातो. त्याला इच्छाशक्तीचा दुबळेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण बळ लावले जाते, पण ते चुकीच्या जागी लावले जाते. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी पतंजलींची सूत्रे आणि त्यांवरील व्यासभाष्य यांचाच आधार घेतो, कारण या विषयाची सर्वांत नेमकी चर्चा तिथे आहे.

चार पादांत मिळून 195 सूत्रे असलेल्या (काही पाठांत 196) या ग्रंथात चित्ताच्या वृत्ती, म्हणजे चित्तात उठणारे व्यापार, पाच सांगितल्या आहेत : प्रमाण (खरे ज्ञान), विपर्यय (चुकीचे ज्ञान), विकल्प (नुसत्या शब्दांवर उठलेली कल्पना), निद्रा आणि स्मृती. प्रत्येक वृत्ती क्लिष्ट असू शकते किंवा अक्लिष्ट असू शकते. म्हणजे ती क्लेशांतून, अविद्येसारख्या चित्ताला पिडणाऱ्या दोषांतून, उगवलेली आणि त्यांनाच पोसणारी असेल, किंवा विवेकाकडे नेणारी असेल. याच सूत्रावर (1.5, म्हणजे पहिल्या पादातील पाचवे सूत्र) भाष्यकारांनी एक वाक्य लिहिले आहे, ज्यात सवयीचे सगळे यंत्र सामावले आहे : ‘तथाजातीयकाः संस्कारा वृत्तिभिरेव क्रियन्ते, संस्कारैश्च वृत्तय इति। एवं वृत्तिसंस्कारचक्रमनिशमावर्तते।’ ज्या जातीची वृत्ती, त्या जातीचा संस्कार ती मागे ठेवते. तो संस्कार पुन्हा त्याच जातीची वृत्ती उठवतो. आणि हे चक्र रात्रंदिवस फिरत राहते. आपण एकदा दुखावून उत्तर दिले म्हणजे तो प्रसंग तिथेच संपला, असे होत नाही. दुखावले जाण्याची आणि त्या पद्धतीने उत्तर देण्याची पुढची वेळ त्यामुळे थोडी अधिक जवळ येते. चक्राला सुरुवात नाही आणि त्याला फिरवणारा बाहेरचा कोणी नाही, हे लक्षात घेतले की ‘हे मुळात कोणामुळे सुरू झाले’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘आज या चक्रात काय घातले जात आहे’ हा प्रश्न पुढे येतो.

आता ‘नकळत’ या भागाकडे वळतो. विभूतिपादातील (तिसऱ्या पादातील) पंधराव्या सूत्राच्या भाष्यात चित्ताचे धर्म, म्हणजे गुणविशेष, दोन प्रकारचे सांगितले आहेत : परिदृष्ट आणि अपरिदृष्ट. जे प्रत्ययरूप आहेत, म्हणजे आत्ता मनात उठलेला विचार, भावना, आठवण, ते परिदृष्ट होत. जे तसे उठत नाहीत पण चित्तात असतात ते अपरिदृष्ट. असे अपरिदृष्ट धर्म सातच असल्याचे भाष्यकार सांगतात आणि ते एका श्लोकात गोवतात : निरोध, धर्म (म्हणजे पुण्यापुण्य), संस्कार, परिणाम, जीवन, चेष्टा आणि शक्ती. या सातांचे अस्तित्व अनुमानानेच कळते, असेही ते स्पष्ट लिहितात. हा मुद्दा साधकाच्या फार उपयोगाचा आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही, असे मला वाटते. संस्कार हा आत डोकावून पाहिल्यावर दिसणारा पदार्थ नाही. ‘मी डोळे मिटून शोधले, पण मनात पत्नीविषयी राग सापडला नाही’ असे आपण लिहिले आहे. तो सापडणारच नव्हता. संस्कार त्याच्या कार्यावरून ओळखायचा असतो : एकाच प्रकारचा प्रसंग, एकाच प्रकारचे ऐकणे आणि एकाच प्रकारची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा दिसली, की मागे त्या जातीचा संस्कार आहे असे अनुमान करायचे. संस्कारांचे प्रत्यक्ष दर्शन होते असे सूत्रकारही म्हणतात (3.18), पण ते संयमाच्या, म्हणजे धारणा, ध्यान आणि समाधी एकाच विषयावर साधण्याच्या, फार पुढच्या भूमीवर. तिथपर्यंत आपल्याला अनुमानावरच चालायचे आहे.

आधुनिक मानसशास्त्राच्या परिचयामुळे अनेकांना इथे फ्रॉइडचे अबोध मन आठवते. साम्य आहे, पण त्या साम्यावर विसंबून राहू नये. फ्रॉइडच्या मांडणीत नको असलेले दडपले जाण्याला मध्यवर्ती स्थान आहे, पतंजलींच्या मांडणीत ते नाही. इथे सुखाचा अनुभव, दुःखाचा अनुभव, उदासीन अनुभव, ध्यानसुद्धा, प्रत्येक वृत्ती संस्कार ठेवते. दडपण्याची वेगळी क्रिया लागत नाही. शिवाय योगमताप्रमाणे चित्त स्वतः प्रकृतीचे, म्हणजे जडच आहे. जाणीव ही द्रष्ट्या पुरुषाची. त्यामुळे चित्तात एखादी गोष्ट असावी आणि ती जाणवू नये यात काही विचित्र नाही.

दृष्टी झाकोळण्याचा भाग याहून खोल आहे आणि त्याचे मूळ अविद्येच्या व्याख्येत आहे. अविद्या म्हणजे माहितीचा अभाव, असे आपण सहज धरून चालतो. साधनपादातील (दुसऱ्या पादातील) पाचव्या सूत्राच्या भाष्यात हे मत खोडून काढले आहे. ‘अमित्र’ म्हणजे मित्राचा अभाव नव्हे, मित्राच्या उलट असलेला शत्रू. तसेच अविद्या हे प्रमाणही नव्हे आणि प्रमाणाचा अभावही नव्हे, ते विद्येच्या विपरीत असे दुसरे ज्ञान आहे : ‘विद्याविपरीतं ज्ञानान्तरमविद्या’. म्हणजे चुकीचे दिसते तेव्हा दिसण्याच्या जागी पोकळी नसते, तिथे एक भरीव, पूर्ण आणि खात्रीचे वाटणारे ज्ञान असते. आपल्या बाबतीत ‘तिने जाब विचारला’ हे शंका म्हणून येत नाही, ते घडलेली गोष्ट म्हणून येते. विपर्ययाची व्याख्याही तीच आहे : वस्तू जशी नाही त्या रूपावर ठरलेले ज्ञान (1.8). भाष्यात दोन चंद्र दिसण्याचे उदाहरण दिले आहे. ज्याला दोन चंद्र दिसतात त्याला ते दिसतच असतात. एकच चंद्र दिसल्यावर त्या ज्ञानाचा बाध होतो, म्हणजे ते खोटे ठरते. आपल्याला अर्ध्या तासाने होणारा उलगडा हा असाच बाध आहे. बाध होतो ही चांगली गोष्ट आहे, पण तो उशिरा होतो, आणि बाध झाल्याने त्या वेळेपुरता विपर्यय जातो, त्याचा संस्कार जात नाही.

साध्या प्रत्यक्षातही भेसळ कशी होते याचे वर्णन समाधिपादात (पहिल्या पादात) आले आहे. शब्द, त्याचा अर्थ आणि त्या अर्थाविषयी आपल्या मनात असलेले ज्ञान, ही तिन्ही वास्तविक वेगळी असतात, पण सामान्य चित्तात ती एकमेकांत मिसळलेलीच उठतात (1.42). पुढच्याच सूत्रात ही भेसळ जाण्याची अट सांगितली आहे : ‘स्मृतिपरिशुद्धि’. स्मृती शुद्ध झाल्याशिवाय वस्तू आहे तशी भासत नाही. हे समाधीच्या संदर्भात आले असले तरी व्यवहाराला ते पूर्ण लागू पडते, असे माझे मत आहे. ‘आज उशीर झाला?’ हे शब्द कानावर पडताच, लहानपणी उशिरा आल्यावर झालेली चौकशी, कार्यालयातील वरिष्ठांचा सूर, मागच्या भांडणातील वाक्ये, हे सारे त्या तीन शब्दांना येऊन मिळते. मिळते तेव्हा ‘ही आठवण आहे’ असे सांगत ते येत नाही. ते आत्ताच्या आवाजाचाच भाग होऊन येते. कैवल्यपादात (चौथ्या पादात) याला उपराग म्हटले आहे, म्हणजे विषयाच्या रंगाने चित्त रंगणे (4.17). त्याआधी, पंधराव्या सूत्रात, वस्तू तीच असूनही चित्ताच्या भेदामुळे ज्ञान वेगळे होते असे सांगितले आहे. भाष्याप्रमाणे एकाच वस्तूपासून धर्माच्या (पुण्याच्या) योगाने सुखाचे ज्ञान होते, अधर्माच्या योगाने दुःखाचे, अविद्येच्या योगाने मोहाचे आणि सम्यग्दर्शन असेल तर तटस्थतेचे.

मात्र ‘सगळे मनाचेच खेळ आहेत’ असा निष्कर्ष यातून काढू नये. ते सूत्र उलट वस्तू चित्ताहून स्वतंत्र आहे हे सिद्ध करण्यासाठीच आले आहे. पत्नीच्या आवाजात कधी खरोखरच नाराजी असू शकते, आणि ती जशी आहे तशी ऐकू येणे हेही निर्मळ दृष्टीचेच काम आहे. दृष्टी स्वच्छ झाली म्हणजे सगळे गोड ऐकू येईल, अशी अपेक्षा ठेवून साधना केली तर एक विपर्यय जाऊन दुसरा येईल.

आता या चक्राला बळ कुठून मिळते ते पाहू. अविद्या, अस्मिता (मीपणा), राग (इथे अर्थ आसक्ती, संताप नव्हे), द्वेष आणि अभिनिवेश (मरणाची भीती) हे पाच क्लेश आहेत, आणि त्यांत अविद्या ही बाकीच्या चारांची भूमी आहे. आपल्या उदाहरणात द्वेष आणि अस्मिता यांचा संबंध विशेष दिसतो. द्वेष म्हणजे दुःखाच्या मागोमाग चालत येणारा (2.8). भाष्यकार सांगतात की दुःख भोगलेल्याला त्या दुःखाच्या स्मरणातून, दुःखाविषयी किंवा त्याच्या साधनाविषयी जो प्रतिकार, जो संताप उठतो तो द्वेष. ‘किंवा त्याच्या साधनाविषयी’ हे शब्द वाचताना थांबावे असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. मूळ दुःख कधीचे तरी असते, पण द्वेष त्याच्या साधनांवर पसरतो : ठरावीक सूर, ठरावीक वेळ, दाराशी उभे राहून विचारलेला प्रश्न. या साधनांपैकी एकही पुरेसे असते. अस्मितेचे काम असे की पाहणारा आणि पाहण्याचे साधन यांची ती सरमिसळ करते, त्यामुळे ‘चित्तात दुखावल्याची वृत्ती उठली’ याऐवजी ‘मी दुखावला गेलो’ असेच अनुभवाला येते, आणि मग त्या वृत्तीकडे पाहायला मागे कोणी उरत नाही.

या संदर्भात मला सर्वांत मोलाचे वाटणारे वाक्य साधनपादातील पंधराव्या सूत्राच्या भाष्यात आहे : ‘भोगाभ्यासमनु विवर्धन्ते रागाः कौशलानि चेन्द्रियाणाम्’. भोगाच्या अभ्यासाबरोबर आसक्ती वाढते, आणि इंद्रियांचे कौशल्यही वाढते. भाष्यकार हे भोगाविषयी लिहीत आहेत, पण द्वेषाच्या बाबतीतही तेच खरे असल्याचे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ज्याला मोबाइल पाहण्याची ओढ आहे त्याच्या डोळ्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उजळलेला पडदा चटकन दिसतो, आणि ज्याला दोष दिला जाण्याची धास्ती आहे त्याचा कान दोषाचा सूर वेचून काढण्यात तरबेज होतो. सवय म्हणजे केवळ हात किंवा जीभ वळणे नव्हे. इंद्रिये एका बाजूला निष्णात होणे हाही तिचाच भाग आहे. बाकीचे सूर आपल्या कानावर पडत नाहीत असे नाही, पण त्या सुरांत आपला कान शिकलेला नाही. संध्याकाळच्या थकव्यात हे अधिक जाणवते त्याचेही कारण शास्त्रात आहे. सांख्यदर्शनाचा ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेत तमोगुणाला ‘वरणक’, म्हणजे झाकणारा म्हटले आहे. वस्तू समोर असूनही न कळण्याची जी कारणे तिथे दिली आहेत त्यांत मनाचे ठिकाणावर नसणे हेही आहे. दिवसभराच्या धावपळीने वाढलेला रज आणि शिणाने वाढलेला तम यांत बुद्धीतील सत्त्वाचा प्रकाश मंदावतो, आणि अशा वेळी सर्वांत जुना, सर्वांत सरावाचा संस्कार पुढे येतो.

आपण लिहिले आहे की आठ दिवसांच्या निवासी शिबिरात हा स्वभाव पूर्ण गेला होता आणि परतल्यावर तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उसळला. साधनपादातील चौथ्या सूत्रात क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत त्या इथे आठवाव्यात : प्रसुप्त म्हणजे झोपलेला, तनु म्हणजे क्षीण झालेला, विच्छिन्न म्हणजे दुसऱ्या क्लेशाने तात्पुरता मागे ढकललेला आणि उदार म्हणजे पूर्ण जोमात असलेला. शिबिरात आलंबन, म्हणजे ज्याला धरून क्लेश उठतो तो विषयच, समोर नव्हते, त्यामुळे क्लेश झोपला होता. क्षीण झाला नव्हता. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच शांत दिसतात, म्हणून साधक फसतो. क्लेश क्षीण झाला आहे की नाही याची परीक्षा आलंबन समोर असतानाच होते, त्यामुळे परतल्यावरचा तो तिसरा दिवस आपल्या अभ्यासाचे अपयश नव्हता, आपल्या अवस्थेची ती पहिली खरी माहिती होती.

उपाय सांगताना शास्त्र क्रम पाळते. भाष्यात कपड्याचा दाखला आहे : कपड्यावरची ढोबळ घाण आधी झटकली जाते, आणि सूक्ष्म मळ नंतर प्रयत्नाने व उपायाने काढला जातो. त्याप्रमाणे उदार क्लेश क्रियायोगाने, म्हणजे तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान यांनी क्षीण करायचे. क्षीण झालेल्यांच्या वृत्ती ध्यानाने घालवायच्या. आणि दग्धबीजासारखे, म्हणजे भाजलेल्या बीसारखे, झालेले अतिसूक्ष्म क्लेश चित्त आपल्या कारणात लीन होते तेव्हाच जातात. पुष्कळ लोक उदार क्लेशावर थेट ध्यानाचा प्रयोग करतात आणि मग ‘ध्यानाने काही होत नाही’ असे म्हणतात. राग पूर्ण जोमात असताना डोळे मिटून बसले तर बहुधा रागाचेच ध्यान घडते.

आपल्यासाठी तप म्हणजे उपवास किंवा पहाटे तीनला उठणे नव्हे. घरात शिरण्यापूर्वी, जिन्यात किंवा गाडीत, पाच मिनिटे बसून दीर्घ रेचक करणे, म्हणजे श्वास लांब सोडणे, आणि घरात शिरल्यावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका पूर्ण श्वासानंतरच देणे, हे आपले तप आहे. श्वास बाहेर सोडणे आणि थोडे थांबणे हा चित्तस्थैर्याचा उपाय म्हणून सूत्रातच आला आहे (1.34), आणि प्राणायामाने प्रकाशावरील आवरण क्षीण होते असेही सूत्र आहे (2.52). आपण सकाळी प्राणायाम करता ते उत्तमच आहे, पण आपले आवरण दाट होते ते संध्याकाळी, तेव्हा थोडा वेळ तिकडे वळवावा. श्वास रोखून राग गिळण्यासाठी मात्र प्राणायाम वापरू नये. व्युत्थानाचे, म्हणजे चंचल चित्ताचे, संस्कार प्रत्ययरूप नसतात, म्हणून प्रत्यय रोखल्याने ते रोखले जात नाहीत, असे भाष्यकारांनी निःसंदिग्धपणे लिहिले आहे (3.9). गप्प राहिल्याने भांडण टळेल, पण तेवढ्याने संस्कार हलणार नाही. त्या गप्प राहण्यात जर शांततेचा अनुभव असेल, तरच तो अनुभव स्वतःचा वेगळा संस्कार ठेवतो आणि पहिल्यावर मात करतो.

स्वाध्यायासाठी साधनपादातील 33 आणि 34 ही सूत्रे हातात घ्यावीत. प्रतिपक्षभावना म्हणजे वाईट विचारावर चांगल्या विचाराचे ठिगळ लावणे, असा समज रूढ झाला आहे. सूत्रातली पद्धत त्याहून कितीतरी काटेकोर आहे. हिंसादी वितर्क, म्हणजे यम-नियमांच्या उलट जाणारे विचार, स्वतः केलेले, करवलेले किंवा अनुमोदिलेले असतात. ते लोभातून, क्रोधातून किंवा मोहातून येतात. आणि ते मृदू, मध्यम किंवा तीव्र असतात. भाष्यात या तीव्रतेचेही पुन्हा प्रत्येकी तीन पोटभेद करून एकट्या हिंसेचे 81 प्रकार मोजले आहेत. रात्री झोपण्यापूर्वी दिवसातील एकच प्रसंग घेऊन तो यांपैकी कुठे बसतो ते लिहून पाहावे : मी बोललो की दुसऱ्याकडून बोलवले, की कोणी बोलत असताना मनात बरे वाटले? मागे काय होते, काही हवे होते, दुखावलो होतो, की केवळ कळत नव्हते? किती तीव्र होते? त्यानंतर ‘याचे फळ माझ्यासाठी आणि तिच्यासाठी दुःख आणि अज्ञान हेच आहे’ हे पाहावे, कारण सूत्रातील प्रतिपक्षभावनेचा आशय तोच आहे. संस्कार अनुमानानेच कळतो असे वर म्हटले, त्या अनुमानाला लागणारी सामग्री या लिहिण्यातून गोळा होते. काही आठवड्यांनी वही उलटून पाहिली, की आपले ऐकणे कोणत्या ठिकाणी वळते ते आपल्याच अक्षरात दिसू लागते.

ईश्वरप्रणिधानाविषयी आपण विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात एवढेच सांगतो की व्यासभाष्यात त्याचा अर्थ सर्व क्रिया परमगुरूला अर्पण करणे किंवा त्यांच्या फळाचा संन्यास, असा दिला आहे. ‘दिवसभर राबून आलो तरी कोणाला किंमत नाही’ हा आपल्या पत्रातील सूर पाहता, हे अंग आपल्याला वाटते त्याहून अधिक लागणार आहे.

कैवल्यपादातील अकरावे सूत्र वासनांना, म्हणजे चित्तात साचलेल्या संस्कारांना, धरून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगते : हेतू, फळ, आश्रय आणि आलंबन. यांचा अभाव झाला की वासनांचा अभाव होतो. व्यवहारात आपण बहुधा आलंबनच तेवढे दूर करतो : मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवतो, ज्या नातेवाइकामुळे चिडचिड होते त्याला भेटणे टाळतो. सुरुवातीला हे योग्य आहे आणि त्याला पळपुटेपणा समजू नये. पण पत्नीच्या प्रश्नासारखे आलंबन दूर करता येत नाही आणि करूही नये, तिथे फळाकडे पाहणे उपयोगी पडते. तिरकस उत्तर दिल्यावर क्षणभर जो सुटल्यासारखा आराम वाटतो, ते त्या सवयीचे फळ आहे, आणि त्या आरामासाठीच ती पुन्हा उठते. तो आराम किती वेळ टिकतो आणि त्यानंतर काय येते हे दोन-चार वेळा लक्ष देऊन अनुभवले, की त्याची ओढ कमी होऊ लागते. माझ्या अनुभवात वैराग्याची सुरुवात पुष्कळदा अशाच छोट्या ठिकाणी होते.

इंद्रियांचे जे कौशल्य एका बाजूला वाढले आहे ते दुसऱ्या बाजूला वाढवण्याचे काम मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांच्या भावनेने होते (1.33). सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि अपुण्य वागणाऱ्याविषयी उपेक्षा ठेवण्यासाठी आधी समोरचा आत्ता यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे हे पाहावे लागते, आणि ते पाहणे हाच कानाला आणि डोळ्याला मिळणारा नवा सराव आहे. आपण घरात शिराल तेव्हा ‘ती दमली आहे का’ एवढे मनाशी विचारावे. एक वृत्ती दुसऱ्याच्या अवस्थेकडे वळली की ‘माझ्याविषयी काय म्हटले जात आहे’ या वृत्तीला त्या क्षणी जागा उरत नाही.

किती काळ लागेल, या आपल्या प्रश्नाला सूत्रात दिवसांचा आकडा नाही. दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला अभ्यास दृढ होतो, असे तीन निकष आहेत (1.14). यांपैकी पहिले दोन आपल्याकडे आहेत. तिसरा, म्हणजे सत्कार, मला आपल्या पत्रात कमी दिसला; आपण साधनेकडे स्वतःला दुरुस्त करण्याची शिक्षा म्हणून पाहता. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, मन चंचल आहे या अर्जुनाच्या तक्रारीवर भगवंतांचे उत्तर ज्ञानदेवांनी असे खुलवले आहे : ‘कां जें यया मनाचें एक निकें। जें देखिलें गोडीचिया ठाया सोके। म्हणौनि अनुभवसुखचि कवतिकें। दावीत जाइजे॥’ ज्या ठिकाणी गोडी चाखली त्या ठिकाणाला मन सोकावते, हा मनाचा दोष म्हणून न सांगता गुण म्हणून सांगितला आहे. ज्या स्वभावामुळे तिरकस उत्तराची सवय जडली त्याच स्वभावामुळे शांततेचीही सवय जडते. म्हणून त्या पाच मिनिटांच्या रेचकानंतर चित्त निवले असेल तर लगेच उठू नये, ते निवणे थोडे अनुभवू द्यावे. नुसत्या आवर्तनांच्या संख्येपेक्षा तो अनुभवच खोल संस्कार ठेवून जातो.

मधूनमधून जुने वागणे परत येईल. विवेकाकडे झुकलेल्या चित्तातही मधल्या फटींतून पूर्वसंस्कारांमुळे दुसरे प्रत्यय उठतात, असे सूत्र थेट कैवल्यपादात आहे (4.27), म्हणजे फार पुढे गेलेल्या साधकाबद्दलही ते गृहीत धरले आहे. अशा दिवशी वहीतील नोंद टाळू नये, आणि अर्ध्या तासाने उलगडा झाल्यावर पत्नीजवळ तसे बोलून दाखवावे : ‘तू साधे विचारले होतेस, मला ते वेगळे ऐकू आले.’ उलगडा होण्याचा अर्धा तास हळूहळू दहा मिनिटांवर येतो आणि पुढे तो बोलण्याच्या आतच होऊ लागतो. प्रगती मोजायची तर याच अंतरावरून मोजावी.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. मोठ्या आवाजाने छाती धडधडणे, झोप न लागणे, एखादा जुना प्रसंग आत्ताच घडत असल्यासारखा पुन्हा पुन्हा समोर येणे, असे काही होत असेल तर ध्यानाचा काळ वाढवू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. पतंजलींनी योगाच्या अंतरायांच्या (अडथळ्यांच्या) यादीत पहिला शब्द ‘व्याधी’ हा ठेवला आहे, आणि व्याधीवर औषधोपचार करणे साधनेच्या विरोधात जात नाही. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात, फक्त प्राणायामातील कुंभक (श्वास रोखणे) अशा काळात बंद ठेवावा आणि आपण काय करतो आहोत हे डॉक्टरांना सांगावे.